शिडाच्या जहाजावरील पहिले दिवस : खानदेशातून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळ, अमळनेर, शिरपूर, नवापूर अशा गावांतून नौदलात किंवा एखाद्या प्रशिक्षण जहाजावर जाण्यास निघालेले तरुण आणि त्यांचे पालक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती जहाज सुटण्यापूर्वीचा दिवस आणि समुद्रावरचा पहिला आठवडा एवढ्यापुरती मर्यादित आहेत. भरतीची परीक्षा, वयोमर्यादा आणि वैद्यकीय निकष वेळोवेळी बदलत असल्यामुळे ते संबंधित खात्याच्या जाहिरातीतच पाहावेत.

इंजिनांच्या काळात शिडाच्या जहाजावर शिक्षण कशासाठी?

भारतीय नौदलाकडे याच कामासाठी बांधलेली दोन मोठी जहाजे आहेत. ‘तरंगिणी’ १९९७ साली नौदलात दाखल झाले आणि ‘सुदर्शिनी’ हे त्याच जातीचे दुसरे जहाज २०१२ साली आले. दोन्ही गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली असून त्यांचे ठाणे कोचीला आहे. सुमारे ५४ मीटर लांबी, तीन डोलकाठ्या आणि वीस शिडे असा त्यांचा साज आहे. ‘तरंगिणी’ने २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणाही पूर्ण केली आहे.

इंजिनावर चालणाऱ्या जहाजावर नवशिका आठवडाभर राहिला तरी वारा कोणत्या दिशेचा आहे याची दखल न घेता त्याचे दिवस जाऊ शकतात. शिडाच्या जहाजावर मात्र वारा पाच-दहा अंशांनी वळला तरी हातातले काम बदलते, आणि ते काम एकट्याच्या हाताने होणारे नसल्यामुळे शेजारच्या माणसाबरोबर दोर ओढणे भाग पडते. हवामान, जहाजाची चाल आणि सोबतची माणसे या गोष्टींकडे सतत लक्ष ठेवण्याची सवय लागावी, हाच या शिक्षणाचा हेतू आहे. शिडे हाताळण्याचे कौशल्य पुढे प्रत्येकाच्या उपयोगी पडेलच असे नाही, ही सवय मात्र पाणबुडीवर गेलेल्यालाही कामी येते.

आम्ही समुद्र पाहिलेलाच नाही. कोकणातल्या मुलांच्या तुलनेत आम्ही मागे पडू का?

पहिले तीन दिवस थोडेसे, आणि तेही केवळ मनाने. किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला भरती-ओहोटी कळते, होडीत तोल कसा सांभाळावा हेही कळते. परंतु तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे दोर त्यालाही तितकेच अनोळखी असतात. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा भागात सरदार सरोवराच्या फुगवट्यावर बोटीने ये-जा करणारी मुले याबाबतीत जळगाव शहरातील मुलांपेक्षा सरस ठरू शकतात, असे माझे मत आहे. आपली तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, तेव्हा समुद्र आपल्यापासून वाटतो तितका परका नाही. निघण्यापूर्वी शक्य असेल तर सुरतेजवळचा डुमसचा किनारा किंवा मुंबईचे बंदर एकदा पाहून घ्यावे. शिक्षण म्हणून त्याचा फारसा उपयोग नाही, परंतु पहिल्याच दिवशी समुद्र आणि जहाज या दोन्ही गोष्टी एकदम नव्या राहत नाहीत.

अजिंठ्याच्या चित्रातले जहाज खरोखर बांधले आहे, हे खरे का? त्यावर जाता येते का?

हा प्रश्न जळगावकडून हमखास येतो, कारण लेणी आपल्या अंगणात असल्यासारखीच आहेत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील पाचव्या शतकातल्या जहाजाच्या आधारे ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधण्यात आले असून ते मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या आहेत. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून ते जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. या जहाजावर नौदलाने निवडलेले अनुभवी लोकच जातात. नवशिक्यांसाठी ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ आहेत, आणि खालील उत्तरे त्या प्रकारच्या जहाजांना लागू पडतात.

पोहता आलेच पाहिजे का?

नौदलात पोहण्याची परीक्षा असते आणि न येणाऱ्यांना शिकवले जाते. विहिरीत किंवा गिरणेच्या डोहात पोहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : समुद्रात पोहून जहाज गाठण्याची वेळ येऊ न देणे, यावरच सगळी व्यवस्था उभी आहे. सहा नॉटच्या, म्हणजे ताशी सहा सागरी मैलांच्या, बेताच्या वेगानेही जहाज एका मिनिटात १८५ मीटर पुढे जाते, आणि तेवढे अंतर लाटांतून कापून कोणीही पोहणारा त्याला गाठू शकत नाही. पोहणे येत असेल तर पाण्याची भीती कमी होते, आणि भीती कमी असलेला माणूस शांतपणे तरंगत राहू शकतो, हा त्याचा मुख्य उपयोग.

सामान काय न्यावे आणि कोचीला कसे जावे?

भुसावळ किंवा जळगावहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस थेट एर्नाकुलमला जाते. गाडी कोकण रेल्वेमार्गे जात असल्यामुळे पावसाळ्यात तिचे वेळापत्रक बदलते, हे लक्षात घेऊन एक दिवस हाताशी ठेवावा.

सामान कापडी थैलीत भरावे. कडक सूटकेस घडी होत नाही आणि बिछान्याखालच्या जागेत मावत नाही, त्यामुळे ती कोणालाच आवडत नाही. तळवे न घसरणारे नाडीचे बूट घ्यावेत. चपला डेकवर चालत नाहीत. चष्मा असेल तर त्याला मागून बांधायची दोरी लावावी आणि दुसरा चष्मा सोबत ठेवावा. टोपीला हनुवटीखाली बांधायची पट्टी हवी. खानदेशातल्या मे महिन्याची सवय असणाऱ्यांना समुद्रावरचे ऊन सौम्य वाटते आणि तेथेच फसगत होते : वाऱ्यामुळे उष्णता जाणवत नाही, पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश मात्र हनुवटीखालची कातडीही भाजून काढतो. रात्री डेकवर उभे राहण्यासाठी वारा अडवणारे जाकीट लागते, अगदी एप्रिलमध्येसुद्धा.

अंगठी, कडे, गळ्यातील साखळी, हातातले गंडेदोरे जहाजावर चढण्यापूर्वी काढून घरी ठेवावेत. धावत्या दोरात अंगठी अडकली तर बोट जाते. ही सूचना ऐकून अनेकांच्या घरी वाद होतो. ताईत गळ्याऐवजी थैलीत ठेवला तर त्याचे पावित्र्य कमी होत नाही, असे आईला समजावून सांगावे.

पहिल्या दिवशी प्रत्यक्ष काय घडते?

जहाज बहुधा त्या दिवशी सुटतच नाही. झोपण्याची जागा दाखवली जाते, लाइफजॅकेट आणि सुरक्षेचा पट्टा, म्हणजे हार्नेस, अंगाला बसवून दिला जातो आणि धोक्याची घंटा झाल्यावर कोणी कोठे उभे राहायचे ते पाठ करून घेतले जाते. आगीचा, पाण्यात माणूस पडल्याचा आणि जहाज सोडण्याचा असे सराव बंदरातच होतात. नवशिक्यांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, कारण त्यांचे लक्ष डोलकाठीकडे असते. तरीही पहिल्या दिवशी एकच गोष्ट नीट शिकायची असेल तर ती अंधारात आपल्या बिछान्यापासून डेकपर्यंतची वाट शिकावी. किती पायऱ्या आहेत, उंबरा किती उंच आहे आणि दाराची कडी कोणत्या बाजूला फिरते, हे डोळे मिटून हाताने चाचपून पाहावे.

त्यानंतर दोरांची ओळख सुरू होते, आणि ती आठवडाभर संपत नाही.

‘वॉच’ म्हणजे काय?

जहाज चोवीस तास चालते, म्हणून माणसांच्या तुकड्या पाडून पाळीपाळीने काम केले जाते. या पाळीला वॉच म्हणतात. सर्वसाधारण पद्धतीत तीन तुकड्या असतात आणि प्रत्येकीला चार तास काम व आठ तास मोकळे मिळतात. रोज त्याच तुकडीच्या नशिबी मध्यरात्र येऊ नये म्हणून दुपारी चार ते रात्री आठ या वेळेचे दोन-दोन तासांचे दोन तुकडे करतात, त्यामुळे पाळ्या रोज सरकत जातात. ‘आठ तास मोकळे’ हे कागदावर ठीक आहे. त्यातच जेवण, सफाई, वर्ग आणि सर्वांना बोलावणारी शिडांची मोठी कामे येतात, म्हणून सलग झोप चार-पाच तासांपेक्षा क्वचितच मिळते.

पाळीत अर्धा-पाऊण तास सुकाणू, तितकाच वेळ टेहळणी, मग जहाजभर फिरून पाणी शिरले आहे का, काही सुटले आहे का याची पाहणी आणि उरलेला वेळ हाकेसरशी धावण्यास तयार, असा क्रम असतो. पुढच्या पाळीला वीसेक मिनिटे आधी उठवतात. उठवणाऱ्याने हळू आवाजात वेळ, हवामान आणि कोणते कपडे घालावेत हे सांगायचे असते, आणि उठलेला माणूस पुन्हा आडवा होत नाही याची खात्री करून मगच निघायचे असते. जहाजावर पाच मिनिटे उशीर करणारा माणूस कितीही हुशार असला तरी नावडता होतो, कारण ती पाच मिनिटे दुसऱ्या कोणाच्या तरी झोपेतून गेलेली असतात.

रात्रीच्या पाळीवर डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती सगळी मेहनत वाया जाते. म्हणून डेकवर केवळ लाल प्रकाशाची विजेरी वापरतात.

बोट लागेल का? लागली तर काय करावे?

बहुतेकांना लागते. यात कमीपणा काही नाही. इंग्लंडचा प्रसिद्ध नौसेनानी नेल्सन याला आयुष्यभर बोट लागत असे. आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा शरीर हलत असल्याचे सांगते, खोलीच्या भिंतींकडे पाहणारे डोळे मात्र सर्व स्थिर असल्याचे सांगतात, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन ते तीन दिवसांत मेंदू नव्या हालचालीशी जुळवून घेतो आणि बहुतेकांचा त्रास आपोआप ओसरतो. घाटात एसटी न लागणाऱ्यालाही समुद्रावर त्रास होऊ शकतो, याची तयारी असावी.

गोळी घ्यायची ठरवली तर ती उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, कारण ती पोटात टिकत नाही. प्रोमेथाझिन, म्हणजे आपल्याकडील अव्होमिन, किंवा मेक्लिझिन ही औषधे निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. यांपैकी काहींनी चांगलीच गुंगी येते. गोळी घेतली असेल तर डोलकाठीवर चढण्यापूर्वी पाळीच्या प्रमुखाला तसे सांगणे बंधनकारक समजावे. प्रवासाच्या आदल्या दिवशी घरी एक गोळी घेऊन आपल्याला किती झोप येते हे पाहून ठेवलेले बरे.

शक्य तितका वेळ डेकवर, जहाजाच्या मध्यभागी उभे राहावे, कारण तेथे हालचाल सर्वांत कमी असते. नजर क्षितिजावर ठेवावी. सुकाणू मिळाले तर जरूर घ्यावे. हाताला आणि नजरेला एकच काम मिळाले की मळमळ आश्चर्यकारक वेगाने कमी होते. पोट रिकामे ठेवू नये. कोरडी बिस्किटे, मुरमुरे, उकडलेला बटाटा, आल्याचा तुकडा चालतो. घरून दिलेला ठेचा आणि कांद्याची चटणी पहिले तीन दिवस डब्यातच राहू द्यावी. पाणी घोट घोट घेत राहावे आणि उलट्या होत असतील तर ओआरएस घ्यावे. दिवसभरात पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा माणूस सुस्तावून उत्तरे देईनासा झाला असेल, तर ते लाजेने लपवून न ठेवता वैद्यकीय मदतनीसाला सांगितलेच पाहिजे.

उलटी करायची झाली तर वारा ज्या दिशेने जात आहे त्या बाजूला, आणि रात्री तर शक्यतो बादलीत. बोट लागलेला माणूस कठड्यावर वाकतो तेव्हा त्याला दुसऱ्या कशाचेही भान नसते, आणि पाण्यात पडण्याचा धोका त्याच क्षणी सर्वांत जास्त असतो. कठड्याजवळ जायचेच असेल तर हार्नेसचा आकडा आधी अडकवावा.

आजारी असताना पाळी चुकवू द्यावी का, यावर मतभेद आहेत. जुन्या लोकांचे म्हणणे असे की उभे राहता येत असेल तोपर्यंत डेकवर यावे, आणि मला ते पटते : अंधाऱ्या बिछान्यात पडून राहिलेल्यांपेक्षा दोर ओढणारे लवकर बरे होतात.

इतके दोर कसे लक्षात राहतात?

या जातीच्या जहाजावर दोरांची संख्या शंभरीच्या घरात जाते, आणि पहिल्या दिवशी ते सर्व सारखेच दिसतात. परंतु शेतकऱ्याच्या घरात कासरा, दावे, वेसण आणि मोटेचा नाडा यांत कोणाचा गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाचे नाव त्याच्या कामाला चिकटलेले असते. जहाजावरही नेमके तसेच आहे. शीड किंवा त्याची आडवी काठी वर चढवणारा दोर तो हॅल्यार्ड, शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा तो शीट, तोच कोपरा वर उचलून घेणारा क्ल्यूलाइन, शिडाचा फुगलेला पोटाचा भाग काठीकडे गोळा करणारा बंटलाइन आणि आडवी काठी वाऱ्याप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवणारा ब्रेस. ही पाच कामे समजली की प्रत्येक शिडासाठी तीच पाच नावे पुन्हा येतात, आणि डाव्या बाजूला ज्या क्रमाने दोर बांधलेले असतात त्याच क्रमाने ते उजवीकडे असतात.

पाठांतर करण्यापेक्षा दोराला हात लावून वर पाहावे आणि तो कोठे जातो ते नजरेने शोधावे. दिवसा हे केल्यावर तेच रात्री हाताने चाचपून करावे, कारण शिडे उतरवण्याची वेळ अनेकदा रात्रीच येते. जोडीदाराने नाव सांगायचे आणि आपण त्या खुंटीवर जाऊन हात ठेवायचा, हा खेळ रिकाम्या वेळेत अर्धा तास खेळला तरी तीन दिवसांत बरीच ओळख होते.

दोर ज्या खुंटीला इंग्रजी आठच्या आकाराचे वेढे देऊन बांधतात, तिच्यावरून तो सोडताना सगळे वेढे एकदम काढू नयेत. एखादा वेढा ठेवून ताण किती आहे ते आधी पाहावे. भरलेल्या शिडाचा दोर हाताच्या पकडीने थांबत नाही, तो तळहाताची कातडी घेऊन जातो. खुंटी आणि दोर यांच्यामध्ये बोटे जाऊ देऊ नयेत आणि डेकवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात कधीही पाय ठेवू नये. वापरून झालेला दोर लगेच गुंडाळून टांगावा. नेहमीच्या उजव्या पिळाचा दोर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळतात, उलटा गुंडाळला तर त्याला आढे पडतात.

गाठी किती शिकाव्यात?

निघण्यापूर्वी घरीच बोलाइन, क्लोव्ह हिच, आठची गाठ, शीट बेंड आणि एक वेढा घेऊन दोन अर्ध्या गाठी, एवढ्या शिकल्या तरी पुरे. त्या डोळे बांधून आणि ओल्या दोरावर जमल्या पाहिजेत.

डोलकाठीवर चढावेच लागते का?

नागरी प्रशिक्षण जहाजांवर हे सहसा ऐच्छिक असते. नौदलात तो शिक्षणाचा भाग आहे, परंतु भीती वाटणाऱ्याला पहिल्याच दिवशी टोकापर्यंत पाठवले जात नाही. पहिली चढाई बंदरात, जहाज स्थिर असताना आणि केवळ पहिल्या मचाणापर्यंत होते. ‘तरंगिणी’ची डोलकाठी सुमारे ३४ मीटर उंच आहे, खाली डेकवर थोडासा वाटणारा झोल वर कित्येक पटींनी मोठा होतो.

चढताना वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूनेच चढतात, म्हणजे वारा आणि जहाजाचा कल माणसाला दोरांच्या शिडीवर दाबून धरतो. हातांनी उभे जाड दोर धरायचे. पाय ठेवायचे आडवे दोर हातात धरायचे नाहीत, कारण त्यांपैकी एखादा झिजून तुटू शकतो. खिसे रिकामे करावेत आणि वर लागणारे प्रत्येक हत्यार दोरीने अंगाला बांधावे. वरून पडलेला पाना खालच्या माणसाचा जीव घेऊ शकतो. आडव्या काठीखाली पाय ठेवण्यासाठी लोंबता दोर असतो. त्यावर पाऊल टाकण्यापूर्वी आधीच उभे असलेल्यांना मोठ्याने सांगावे लागते, कारण आपल्या वजनाने तो दोर त्यांच्या पायाखाली हलतो. एक हात जहाजाच्या कामाला आणि एक हात स्वतःला धरून ठेवायला, हा नियम जगभर शिकवला जातो. हार्नेस आल्यानंतरही तो बदललेला नाही, कारण आकडा एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी अडकवताना मध्ये एक क्षण असतोच.

भीती वाटते असे सांगणाऱ्याची जहाजावर थट्टा होते, ही समजूत बव्हंशी जुनी आहे. अनुभवी बोसनला, म्हणजे दोर व शिडे सांभाळणाऱ्या प्रमुखाला, काळजी वाटते ती भीती न वाटणाऱ्याची.

हुकूम कोणत्या भाषेत असतात? अधिकारी ओरडतात का?

नौदलात हुकूम इंग्रजीत आणि इतर बोलणे बहुतेक हिंदीत चालते. घरी अहिराणी बोलणाऱ्याला सुरुवातीला दोन्ही भाषा परक्या वाटतात. त्यावर उपाय म्हणजे वीस-पंचवीस हुकमांची यादी आधीच पाठ करणे. ऐकलेला हुकूम मोठ्याने परत म्हणायचा असतो, जेणेकरून देणाऱ्याला तो नीट पोहोचला हे कळते. समजला नसेल तर लगेच विचारावे. मान डोलावून भलताच दोर सोडणे हा पहिल्या आठवड्यातला सर्वांत घातक प्रकार आहे. आवाज मोठा असतो तो वाऱ्यामुळे. काम संपल्यावर तोच अधिकारी चहा पिताना साध्या आवाजात बोलतो.

सुकाणू पहिल्याच आठवड्यात हाती मिळते का?

मिळते, शेजारी अनुभवी माणूस उभा असताना. नवशिके होकायंत्राच्या तबकडीमागे धावतात : आकडा डावीकडे सरकला की चक्र भरपूर फिरवतात, जहाज उशिराने वळते, मग उलट फिरवतात आणि मागे पाण्यावर नागमोडी रेषा उमटते. चक्र थोडे फिरवून वाट पाहावी. समोरचा ढग किंवा तारा डोलकाठीच्या रेषेत धरून चालवावे आणि होकायंत्राकडे अधूनमधून पाहावे. दुसऱ्याच्या हाती देताना दिशा अंशांत सांगायची आणि त्याने ती परत म्हणायची.

वारा समोरून आला तर?

अशी आडव्या काठ्यांची जहाजे वाऱ्याच्या दिशेशी साधारण साठ अंशांपेक्षा कमी कोन करून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे लांबलचक तिरपे जावे लागते. ऑक्टोबर ते मे या काळात पश्चिम किनाऱ्यावर वायव्येकडचा वारा अधिक असतो, तसेच दिवसा समुद्रावरून आणि रात्री जमिनीवरून वाहणारे वारेही असतात. म्हणून कोचीहून मुंबईकडे येणे हे मुंबईहून कोचीला जाण्यापेक्षा कष्टाचे. गरज पडल्यास डिझेल इंजिन असतेच. जून ते सप्टेंबरमधील नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते.

जेवण, पाणी आणि आंघोळीचे काय?

भात, वरण, भाजी, पोळी मिळते आणि शाकाहाराची सोय असते. समुद्र खवळला की तळण बंद होते आणि खिचडीवर दिवस निघतात. पेला निम्माच भरावा. कळण्याची भाकरी आणि भरीत मिळणार नाही. बिबडे मात्र टिकतात, जागा कमी घेतात आणि इतर प्रांतांतल्या सोबत्यांशी मैत्री करून देतात.

गोडे पाणी मोजून वापरावे लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्यांना हे शिकवावे लागत नाही, मुंबई-पुण्याच्या मुलांनाच ते जड जाते. खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही, शाम्पूला येतो. शौचालयाच्या झडपा आणि पंप कसे वापरायचे हे पहिल्या तासात दाखवतात. तेथे पोटातून न आलेली कोणतीही वस्तू टाकायची नाही, कारण तुंबलेली नळी खोलून साफ करण्याचे काम टाकणाऱ्याच्या पाळीलाच मिळते.

मुलींना पाठवणे योग्य आहे का?

२०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’ या छोट्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच नौकेतून दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी २०२४-२५ मध्ये ती पुन्हा पूर्ण केली. तेव्हा प्रश्न क्षमतेचा राहिलेला नाही. झोपण्याच्या जागा स्वतंत्र असतात. सॅनिटरी पॅड पुरेसे सोबत न्यावेत, कारण समुद्रावर ते मिळण्याची शाश्वती नसते, आणि वापरलेले बांधून कचऱ्यातच टाकावेत. मासिक पाळीच्या दिवसांत डोलकाठीवर चढायचे की नाही हे इतर कोणी ठरवू नये.

माणूस पाण्यात पडला तर काय करतात?

पाहणाऱ्याने पूर्ण आवाजात ‘मॅन ओव्हरबोर्ड’ ओरडायचे, हाताशी असेल ते तरंगणारे वलय लगेच फेकायचे आणि मग बोटाने त्या माणसाकडे दाखवत उभे राहायचे, नजर हटवायची नाही. लाटांत माणसाचे डोके क्षणात दिसेनासे होते, आणि एकदा नजर सुटली की पुन्हा सापडत नाही. बाकीचे लोक काही शिडे उलटी फिरवून जहाजाचा वेग मोडतात, इंजिन सुरू करतात आणि छोटी बोट उतरवतात. आपण उडी मारायची नाही. एकाऐवजी दोघांना शोधावे लागते.

खरे सांगा, धोका किती आहे?

धोका आहे. १७ फेब्रुवारी २०१० रोजी ‘कॉन्कॉर्डिया’ हे कॅनडातील विद्यार्थ्यांचे शिडाचे प्रशिक्षण जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर वाऱ्याच्या झोतात उलटून बुडाले. त्यावरील सर्व ६४ जण तराफ्यांत बसून वाचले. पालकांनी या घटनेतून दोन्ही गोष्टी घ्याव्यात : जहाज बुडू शकते, आणि कोठे जायचे हे पाठ असेल तर माणसे वाचू शकतात. बंदरातल्या त्या कंटाळवाण्या सरावाला एवढा वेळ याच कारणाने देतात. रोजच्या दिवसात मात्र दुखापती होतात त्या साध्या कारणांनी : ओला डेक, उघडे झाकण, भाजणारा चहा, अपुरी झोप.

घरी फोन करता येतो का?

किनारा काही मैल मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. खाजगी सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगणे भारतात बेकायदा आहे, त्यामुळे हौसेने विकत घेऊन देऊ नये. जहाजाचा ठावठिकाणा आणि छायाचित्रे यांविषयी नौदलाचे नियम कडक आहेत. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काही टाकण्यापूर्वी विचारावे. चार-सहा दिवस फोन आला नाही म्हणजे काही झाले, असा अर्थ घरच्यांनी काढू नये, आणि हे त्यांना निघण्यापूर्वी मुलानेच सांगून ठेवावे.

परत आल्यावर जमीन हलत असल्यासारखे वाटते, हे खरे का?

खरे आहे. हालचालीला सरावलेला मेंदू स्थिर जमिनीशी पुन्हा जुळवून घेत असतो, आणि काही तास ते एक-दोन दिवस, विशेषतः न्हाणीघरात डोळे मिटल्यावर, झोल जाणवतो. तेवढा काळ मोटारसायकल चालवू नये. जळगाव स्थानकावर कोणाला तरी घ्यायला बोलवावे. झोल महिनाभर टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.